मापात पाप

निपाणीतल्या आमच्या दुकानावर वडिलांनी एक ओळ रंगवून घेतली होती : ‘मापात पाप नको.’ दुकान काटे-वजनं दुरुस्तीचं. १९६१ साली काढलेलं. तेव्हा शेर-मण जाऊन किलो येत होता, जुनी वजनं मोडीत निघाली होती आणि नव्या वजनांवर शिक्का मारून घ्यायला अख्खा बाजार धावत होता. त्या गडबडीत वडिलांचं बस्तान बसलं. आता मी एकसष्टीला आलो. हाताखाली तागडीपेक्षा इलेक्ट्रॉनिक काटेच जास्त येतात. ओळ मात्र तीच आहे.

गेल्या महिन्यात या ओळीवरून माझं आणि माझ्या टाळकरी मित्राचं वाजलं. हा शाळेपासूनचा सोबती. पंढरीची वारी चुकवत नाही. एकादशीला दुकानात येऊन बसतो, शाबूवडा मागवायला लावतो आणि एखाद्याच्या मधुमेहाची करावी तशी माझ्या नास्तिकपणाची चौकशी करतो. “अजून तसंच हाय का?” म्हणतो. त्या दिवशी पाटीकडं बोट दाखवून म्हणाला, “ते आधी पुसून टाक गड्या. देव न्हाई म्हणतोस, मग पाप कुठनं आलं? लिवून ठेवणाराच न्हाई तर मापातलं काय आन् बिनमापातलं काय? फार तर तुझी आवड म्हण. एखाद्याला शेपू आवडत न्हाई, तसं तुला खोटं माप आवडत न्हाई.”

शेपूची उपमा मला लागली. कारण मला शेपू खरंच आवडत नाही.

मी त्याला अण्णांकडं बोट दाखवलं. अण्णा म्हणजे बोरगावकडचं आमचं जुनं गिऱ्हाईक, उसाचे शेतकरी, दिगंबर जैन. चिकोडी-निपाणीच्या या पट्ट्यात जैन शेतकरी गावोगाव आहेत. आचार्य विद्यासागर जन्मले ते सदलग्याला, आणि भोजच्या आचार्य शांतिसागरांचं नाव आमच्याकडं जैन नसलेल्यांनाही ठाऊक असतं. अण्णांचा वजनकाटा दुरुस्त करता करता उशीर झाला, तर ते चहालाही शिवत नाहीत. सूर्य बुडाला की तोंड बंद. पाणी गाळून, कांदा-बटाटा वर्ज्य. आणि एवढं सगळं सांभाळणारा हा माणूस जग कुणी निर्माण केलं असं मानतच नाही. मी एकदा विचारलं होतं, “अण्णा, ही जमीन कुणी केली म्हणता?” ते म्हणाले, “केली कुणी न्हाई. होतीच की.” नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी, इथंच, राष्ट्रकूटांच्या राज्यात, सृष्टीकर्ता मानणाऱ्यांना विचारलं होतं की जग घडवण्याआधी तो घडवणारा कुठं होता. अण्णांनी ते वाचलेलं नसावं. त्यांना वाचायची गरजही नाही.

आणि जैनांचंच कशाला? वेदांचे कट्टर कैवारी जे मीमांसक, त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारला आणि धर्म मात्र पक्का धरून ठेवला. देव गेला की नीती गेली, हे आपल्याकडं तरी सगळ्यांनी कधीच मान्य केलेलं नाही.

मित्रानं वडा संपवला, बोटं पुसली. “अण्णांच्यात कर्म हाय की. हिशोबनीस नसंल, पण वही हाय. कुमारिल का कोण म्हणालास, त्याच्याकडं वेद हाय. तुझ्याकडं काय हाय?”

हे खरं होतं. माझ्याकडं वहीसुद्धा नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं सगळं श्रेय शाबूवड्याला देता येणार नाही. पडल्या पडल्या लक्षात आलं की मित्र तीन गोष्टी एकत्र कालवत होता. काय बरोबर ते सांगणारा कोणीतरी, आपण करतो ते बघणारा कोणीतरी, आणि ती गोष्ट मुळात बरोबर किंवा चूक असणं. पहिल्या दोघांची जागा देवाकडं आहे, हे मी मान्य करतो. तिसरीचं काय?

सांगणाऱ्याचा प्रश्न आमच्या घरात लहानपणीच येऊन गेलेला आहे. आजीचं माहेर हुक्केरी भागातलं. तिच्या धाकट्या बहिणीच्या केसात जट झाली. वय दहा. जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं, असं ठरलेलं. पोरीला सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन गळ्यात मोती बांधला, म्हणजे देवीला सोडली. त्यापुढं तिचं काय झालं ते आमच्या घरात कधी मोठ्यानं बोललं गेलं नाही. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच देवदासींसाठी कायदा झाला होता आणि बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. मोती त्यानंतर बांधला. कर्नाटकाला १९८२ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला, यावरून पहिल्याचं काय झालं ते कळतं.

आजी शेवटपर्यंत यल्लम्माची भक्त. ‘उदं गं आई उदं’ म्हटल्याशिवाय तिची सकाळ झाली नाही. पण बहिणीचा विषय निघाला की म्हणायची, “आईनं मागितली न्हवती. आई असलं मागत न्हाई. माणसांनी दिली.” मी तेव्हा सातवी-आठवीत, खोचक. विचारलं, “तुला गं काय ठाऊक, मागितली न्हवती म्हणून?” आजी म्हणाली, “आई हाय न्हवं ती?”

पुढं मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकांत अथेन्सची ती जुनी गोष्ट वाचली आणि मला आजी दिसली. सॉक्रेटिसला कचेरीच्या दारात युथिफ्रो नावाचा गृहस्थ भेटतो. स्वतःच्याच बापावर मजुराच्या मृत्यूचा खटला भरायला निघालेला, आणि धर्म कशात आहे हे आपल्याला चोख कळतं या खात्रीत. सॉक्रेटिस विचारतो : देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं म्हणावं तर उद्या देवानं दहा वर्षांची पोरगी मागितली की तेही पवित्र. दुसरं म्हणावं तर पावित्र्य देवाच्या आधीपासून तिथं आहे. आजीनं हा प्रश्न कधी ऐकला नव्हता, पण उत्तर देऊन ठेवलं होतं. पोरीला सोडणं वाईट, हे तिला देवीच्या हुकुमावरून कळलं नव्हतं. उलट हुकूम खरा की खोटा हे तिनं त्या वाईटपणावरून ओळखलं.

हे मी पुढच्या एकादशीला मित्राला सांगितलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, “देव आन् चांगुलपण दोन न्हाईतच. देव म्हंजेच चांगुलपण. मग कोण आधी आन् कोण मागनं?” भल्याभल्या पंडितांनी दिलेलं उत्तर आहे हे, आणि त्यानं ते टाळ कुटता कुटता कमावलं, म्हणून मला कौतुक वाटलं. पण आजी देवीला दयेवरून ओळखत होती. दया काय असते हे तिला आधी ठाऊक होतं. देव आणि चांगुलपण एकच असेल तर मग त्याला माझीही ना नाही. पाटीवरचं पाप पुसायचं कारण उरत नाही एवढंच.

घरातली दुसरी आघाडी मुलीची. ती पुण्यात असते आणि फोनवर भांडते. तिचं म्हणणं उलटं : देव नकोच, पण पप्पा, तुमची ती ‘खरी’ नीती पण नको, प्रत्येक समाजाचं बरोबर-चूक वेगळं असतं. तिला मी शेराची गोष्ट सांगतो. वडील सांगायचे, पूर्वी ह्या बाजारचा शेर त्या बाजारच्या शेराला जुळायचा नाही. म्हणून गुळाच्या ढेपेला काही स्वतःचं वजन नव्हतं का? होतं. भांडण मापाचं होतं. किलोचंही तेच. पॅरिसजवळ सेव्हर इथं १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा तिजोरीत जपला होता, त्याचं वजन म्हणजे किलो. आपल्याकडं दिल्लीत त्याची ५७ नंबरची प्रत. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. आता गंमत बघा. व्याख्येनं तो ठोकळा एक किलोच. तो झिजला असं म्हणताच येत नाही. जगातली बाकी सगळी ज्वारी जड झाली म्हणायचं! शेवटी २० मे २०१९ पासून ठोकळा बाजूला ठेवला आणि किलोची व्याख्या निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, प्लांकच्या स्थिरांकावर बसवली. मी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. कुणाला काही कळलं नाही. पेढे सगळ्यांनी खाल्ले.

‘तो म्हणेल तो किलो’ आणि ‘तो म्हणेल ते पुण्य’ यांची जातकुळी एकच, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

मुलीला मी आणखी एक गोष्ट दाखवतो. दर १ नोव्हेंबरला बेळगावात आमची माणसं काळे झेंडे घेऊन काळा दिन पाळतात आणि त्याच शहरात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक निघते. १९५६ पासूनचं दुखणं, खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात. दोन्हीकडच्या घोषणा ऐक. एकही माणूस ‘आमची आवड आहे’ म्हणत नाही. दोघेही अन्याय म्हणतात. दोघेही बरोबर असतील असं नाही, पण कोणीतरी बरोबर असू शकतं, हे दोघांनी आधीच धरलेलं आहे. ती म्हणते, “पप्पा, धरलंय म्हणून ते असतंच असं नाही.” बरोबर बोलते. यातनं फारसं सिद्ध होत नाही. माणसं कुठल्या भाषेत भांडतात तेवढंच कळतं.

खरा पेच मित्रानं टाकला, आणि काट्याच्याच भाषेत. माझ्या बाकड्यावरच्या काट्यावर त्यानं पानाचा डबा ठेवला. १८४ ग्रॅम. “हे दिसलं. आता ह्याच्यावर ‘वाईट’ ठेवून दाखव. माप कमी भरलं हे तुझा काटा सांगंल. ते वाईट झालं, हे कुठल्या काट्यावर दिसतं?”

डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश माणसानं १७३९-४० च्या सुमारास हेच लिहून ठेवलंय : ‘आहे’ पासून ‘असायला हवं’ पर्यंत लोक उडी कशी मारतात, हे कोणी सांगत नाही. माझ्याकडं त्या उडीचा पूल नाही. मी मित्राला एवढंच म्हणालो की तुझ्याकडंही नाही. ‘देवानं असं सांगितलं’ हेसुद्धा एक ‘आहे’च झालं. ते का ऐकायला हवं? तो ताकदवान आहे म्हणून? मग ते भय झालं. तो भला आहे म्हणून? मग भलेपणाचं माप आधीच खिशात आहे. तो म्हणाला, “तू शब्दात पकडतोस लेका.” मी गप्प बसलो. कारण पुढचं जे सांगायचं होतं ते मी बायकोलाही उशिरा सांगितलंय.

१९९६. आईचं ऑपरेशन होतं आणि हातात पैसा नव्हता. मिरचीचा एक व्यापारी, नाव-गाव सांगत नाही, पाच किलोचं लोखंडी वजन घेऊन आला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : बिडाच्या वजनाला खाली एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात आणि मापाचे साहेब त्या शिशावर शिक्का मारतात. व्यापाऱ्यांकडं वजनांचे दोन संच असायचे, घेण्याचे आणि देण्याचे. हे घेण्यातलं. “शंभर ग्रॅम वाढव,” म्हणाला. मी वाढवलं. शिक्क्याला धक्का न लावता ते कसं करतात, हे इथं लिहिणार नाही. त्यानं तीनशे रुपये दिले. त्या वेळी ते कमी नव्हते.

चार दिवसांनी पैशाच्या उरलेल्या कामाला त्याच्या पेढीवर गेलो होतो. संकेश्वरकडनं एक बाई आली होती, मिरचीचं एक पोतं घेऊन. संकेश्वरी मिरची, लाल, लांब, सगळी पेढी खाटानं भरलेली. तागडी टांगली. माझं वजन एका पारड्यात. आठ वेळा पारडं वर-खाली झालं. चाळीस किलो लागले. प्रत्येक खेपेला शंभर ग्रॅम, म्हणजे आठशे ग्रॅम मिरची तिच्या पोत्यातनं फुकट गेली. बाई काट्याकडं बघत होती. म्हणाली, “घरात जास्त भरली हुती.” व्यापारी काही बोलायच्या आतच तिनं स्वतःच उत्तर काढलं : “वाळली असंल.” आणि पैसे पदराच्या टोकाला बांधून, समाधानानं गेली.

ह्या ‘वाळली असंल’नं माझं तीस वर्षं डोकं खाल्लंय. बघा ना, त्या खोलीत वाईट कुणालाच वाटलं नव्हतं. ती खूश, व्यापारी खूश, माझं काम झालं, आईचं ऑपरेशन झालं. समाजाचं म्हणाल तर पेढीवर हे चालतंच, असं सगळे धरून चाललेले. पाप म्हणजे कुणाच्या तरी मनातली नाराजी एवढंच असेल, तर त्या दुपारी पाप घडलंच नाही. पण मिरची गेली होती. तिनं उन्हात वाकून तोडलेली, तिला न विचारता, तिच्या विश्वासाचाच फायदा घेऊन नेलेली. तिला कळलं नाही म्हणून ते कमी वाईट झालं नाही. मला तर ते अधिकच वाईट वाटतं.

दोनेक वर्षांपूर्वी नियम आला, पाटीचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये हवा. रंगारी बोलावला, हुक्केरीकडचा कन्नड माणूस. ओळीपाशी अडला. मी विचारलं, पापाला कन्नडात काय म्हणता? म्हणाला, “पापच की ओ.” मग ब्रश डब्यात बुडवता बुडवता म्हणाला, “खरं आमच्यात बिचाऱ्याला पण पापच म्हणतात बघा. पोरगं पडलं तर अय्यो, पाप.” जन्म या सीमेवर गेला, हा शब्द रोज कानावर पडत होता आणि मला कधी दिसला नव्हता. केलेला गुन्हा आणि ज्याचं नुकसान झालं त्याची कीव, दोन्हीला एक शब्द. पाप कुठं असतं म्हणून मी वर-खाली बघत होतो, आणि शेजारची भाषा त्या बाईकडं बोट दाखवत होती.

आता जे मित्राला सांगताना जीभ जड झाली ते. ती लबाडी केली तेव्हा मी नास्तिक नव्हतो. चांगला देवभक्त होतो. आई बरी झाल्यावर सौंदत्तीला गेलो, भंडारा लावला, नारळ फोडला, मनातल्या मनात सगळं सांगून टाकलं. उतरताना अंग हलकं झालं होतं. फिटलं, असं वाटलं. चार-पाच वर्षांनी, त्याची कारणं वेगळी, विश्वास गेला. आणि त्याच्याबरोबर हेही जाईल असं मला वाटत होतं. झालं भलतंच. ते परत आलं. कारण ज्याच्याकडं मी फेड केली होती तो सावकारच नव्हता. देणं त्या बाईचं होतं आणि तिला एक मिरची परत मिळाली नव्हती.

मित्र बराच वेळ गप्प होता. “असला देव तुला कुणी सांगितला रं?” म्हणाला. “दुसऱ्याचं देणं नारळावर मिटवणारा?” मी म्हणालो, कुणी सांगितला नव्हता, मी सोयीनं केला होता. त्यानं मान हलवली. ह्या एका मुद्द्यावर आमचं त्या दिवशी जुळलं.

त्याच्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही असं एक आहेच. त्याचा हिशोब कधीतरी पुरा होतो. तो व्यापारी नातवंडांच्या गराड्यात, झोपेत गेला. मी मातीला होतो. माझ्या जगात त्याचं काहीच झालं नाही आणि आता होणारही नाही. हे मला टोचतं. पण पतसंस्थेत बसलेल्या कुणालाही विचारा, बुडीत खात्यात टाकलेलं कर्ज वसूल होत नाही म्हणून ते कधी घेतलंच नव्हतं असं होत नाही.

त्या बाईला मी शोधलं. नाव ठाऊक नव्हतं. संकेश्वरच्या बाजारात दोनदा जाऊन आलो. ‘तीस वर्षांपूर्वी मिरची आणणारी बाई’ असं विचारल्यावर लोक माझ्याकडं कसे बघत असतील ते सांगायला नको. मित्राचं मत, तेवढे पैसे अन्नछत्राला दे. देईन कदाचित. पण अन्नछत्र म्हणजे ती नव्हे.

इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा त्या पेढीची जुनी वजनं मोडीत माझ्याकडंच आली. शिशावरनं मी माझं ओळखलं. ते दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याशी टेकून ठेवलंय. एवढ्या वर्षांत मित्राचा अंगठा त्यावर किती वेळा ठेचकाळला असेल. परवा निघताना त्यानं वाकून ते दोन्ही हातांनी उचललं, जरा तोललं.

“जड हाय की रं,” म्हणाला.

“शंभर ग्रॅम,” मी म्हणालो. त्यानं ते होतं तिथंच ठेवलं आणि चप्पल शोधायला लागला.